सिंहगड रोडवरचा क्लब

सिंहगड रोडचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी सहानंतर त्या रस्त्यावर गाडी चालवत नाहीत, गाडीत बसून राहतात. मी गेली कित्येक वर्षं बसतोय. आता बसलंच आहे तर माणूस इकडेतिकडे बघतो, पाट्या वाचतो, अमृततुल्य, ॲक्वागार्ड, मंगल कार्यालय, आणि मधेच व्यंकटेश्वरा हाऊस. म्हणजे व्हेंकीजवाले. कोंबड्या, अंडी, पिल्लं, पशुखाद्य, लसी. आमच्या लहानपणी टीव्हीवर रोज अंडी खा म्हणून सांगणारी जी जाहिरात लागायची तिच्यामागे जी अंड्यांची समन्वय समिती होती ती काढणारे डॉ. बी. व्ही. राव, त्यांचंच हे घराणं. आजूबाजूच्या गाड्यांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना माहीत नसतं की इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या एका गावातली हजारो माणसं ह्या पत्त्यावर गेली पंधराएक वर्षं दात-ओठ खात आहेत, कारण १८७५ साली निघालेला त्यांचा फुटबॉल क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, त्याची मालकी ह्या कंपनीकडे आहे.

मला माहीत आहे, आणि त्याचा मला त्रास होतो. तो त्रास नेमका कसला ते आज लिहून बघतो.

नोव्हेंबर २०१० मधे पेपरात बातमी आली की पुण्याच्या कंपनीने प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधला, क्लब घेतला, २ कोटी ३० लाख पौंडांना. तेव्हा आमचा ग्रुप एफसी रोडवर चहा पीत बसायचा आणि त्यात सहा मँचेस्टर युनायटेडवाले, तीन आर्सेनल, दोन लिव्हरपूल आणि एक मी, ज्याचं काही नक्की नव्हतं. त्या दिवशी माझं नक्की झालं. म्हटलं बास, आपल्या गावचा मालक, आपला क्लब. बाकीच्यांनी अर्थातच कोंबडीवरून जेवढे जोक शक्य होते तेवढे केले, लेगपीस, तंगडी, गोलकीपर अंडी उबवतो वगैरे, पण मी हटलो नाही. पुणेकराला एकदा वाटलं की आपलं बरोबर आहे की मग तो हटत नाही हे वेगळं सांगायला नकोच.

मग मी अभ्यास सुरू केला. आणि अभ्यास केल्यावर कळलं की आपण कशावर हक्क सांगतोय. फुटबॉल लीग १८८८ मधे सुरू झाली तेव्हा बारा क्लब होते, त्यात हे. प्रीमियर लीग १९९२ मधे सुरू झाली, त्यात पण हे. दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून असलेले क्लब तीनच, ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न. एफए कप सहा वेळा, त्यातले तीन लागोपाठ, १८८४, ८५, ८६. म्हणजे आपल्याकडे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरत होतं तेव्हा ह्यांची कपांची हॅटट्रिक होत आली होती. आणि हे गाव केवढं? लाख-सव्वा लाखाचं. आपल्याकडे तालुक्याचं म्हणतात तसं.

ह्या एवढ्याशा गावाने १९९५ मधे अख्खी लीग जिंकली. जॅक वॉकर म्हणून गावचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला. कंपनी ब्रिटिश स्टीलला विकली, तेहतीस कोटी पौंडांना, आणि मग ज्या क्लबच्या मॅचेस लहानपणापासून बघत होता तो क्लब घेऊन त्यात पैसे ओतले. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला आणलं. त्या सीझनला शिअररने लीगमधे ३४ गोल मारले. शेवटचा दिवस १४ मे, मॅच लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर, म्हणजे डॅल्ग्लिश जिथे देव होता तिथेच. आणि ब्लॅकबर्न हरलं, २-१, अगदी शेवटच्या मिनिटाला फ्रीकिकवर गोल खाऊन. पण तिकडे लंडनमधे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने १-१ वर अडवून धरलं होतं, त्यामुळे ८९ आणि ८८, एका पॉइंटने ट्रॉफी ह्यांची. हरून जिंकले. मला हे फार आवडलं, अजूनही आवडतं. ट्रॉफी घ्यायची ती पण दुसऱ्याच्या मैदानात, मॅच हरून, आणि टाळ्या वाजवायला समोरच्या टीमचेच लोक, ज्यांना युनायटेड जिंकण्यापेक्षा हे परवडत होतं.

तर अशा क्लबला आपल्या मंडळींनी हात लावला आणि पुढे काय झालं ते फुटबॉल बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलर्डाइसला काढलं, टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती, म्हणजे काही बुडत नव्हती. जागेवर आला स्टीव्ह कीन, ज्याने आधी कुठे मुख्य मॅनेजर म्हणून काम केलं नव्हतं. मग ती जाहिरात, ज्यात ड्रेसिंग रूममधे बसून प्लेयर लोक चिकन खातायत. मी ती यूट्यूबवर बघितली आणि लॅपटॉप बंद केला. लग्नात आपला काका स्टेजवर जाऊन माइक हातात घेतो तेव्हा पोटात जे होतं ना, तेच.

ऑक्टोबर २०११ मधे टीमच पुण्यात आली, बालेवाडीला पुणे एफसीबरोबर मॅच. आम्ही गेलो, आणि आमच्यातच भांडण की चिअर कोणाला करायचं. ज्या प्लेयर्सना रात्री जागून बघायचो ते समोर पळतायत, आणि तेही बालेवाडीत! मला त्या दिवशी वाटलं होतं की हेच तर पाहिजे होतं. तिकडे ब्लॅकबर्नमधले लोक काय म्हणत असतील हा विचारसुद्धा डोक्यात आला नाही. टीम टेबलच्या तळाशी, सीझन चालू, आणि त्यात खेळाडूंना मालकाच्या गावी विमानाने मॅच खेळायला पाठवायचं. मे २०१२ मधे ईवुड पार्कवर, म्हणजे स्वतःच्याच मैदानात, विगनकडून हरून टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली. त्या मॅचमधे पब्लिकमधल्या कोणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली, तिच्या अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा बांधलेला. सगळ्या जगाने हसून हसून शेअर केला तो व्हिडिओ. मला हसू आलं नाही. कोंबडी बिचारी गोंधळून इकडेतिकडे बघत होती आणि मला वाटलं ही मीच.

(युनायटेडवाल्या सहाही जणांनी तो व्हिडिओ मला पाठवला. वेगवेगळा. इतकी वर्षं झाली, अजून एखादा पाठवतो.)

२०१८ च्या फेब्रुवारीत ऑफिसने मला दोन-अडीच महिने मँचेस्टरला पाठवलं. ऑनसाइट म्हणजे काय असतं ते आयटीवाल्यांना ठाऊक आहे, सकाळी क्लायंट, रात्री इंडिया टीम, आणि मधल्या वेळात कुकरमधे खिचडी. पण शनिवार मोकळा. तेव्हा क्लब अजून एक मजला खाली उतरलेला होता, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमधे. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या डिव्हिजनला जाण्याचा हा पहिलाच प्रकार, हा विक्रम पण आपल्याच मंडळींच्या नावावर.

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून दोन डब्यांची गाडी, आपल्या डेमूसारखी, बोल्टनवरून डोंगरात चढते आणि डार्वेनला उतरते. डार्वेनला खिडकीतून एक प्रचंड उंच विटांची चिमणी दिसते, चर्चच्या मनोऱ्यासारखी नक्षीदार, तीनशे फूट. त्या गिरणीचं नाव इंडिया मिल. मी बघतच राहिलो. ह्या बाजूच्या गिरण्यांनी आपल्या आज्या-पणज्यांना कापड विकलं, आपल्या पणजोबांची धोतरं विणली, खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी. माझं आजोळ खामगाव. तिकडच्या पांढऱ्या सोन्यासाठी इंग्रजांनी जलंबहून रेल्वेचा फाटा खामगावात आणला, तो कापूस मुंबईहून बोटीत बसून ह्याच गावांत यायचा आणि धोतर होऊन परत जायचा. अमेरिकेत यादवी झाली आणि तिकडचा कापूस थांबला तेव्हा इथल्या गिरण्या उपाशी मेल्या आणि आपल्या मुंबईत शेअरबाजाराला वेड लागलं. म्हणजे आमचं आणि ह्यांचं असं तराजूचं नातं फार जुनं आहे, एक पारडं वर की दुसरं खाली.

पुण्यात १९०५ च्या ऑक्टोबरमधे परदेशी कापडाची होळी झाली, सावरकर फर्ग्युसनमधे होते तेव्हा, आपण सगळे शाळेत शिकलोय. जळलेलं ते कापड कुठलं होतं हा प्रश्न शाळेत मला कधी पडला नाही. कोणाचंतरी विणलेलं असणारच की. १९३१ च्या सप्टेंबरमधे गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम ह्या डार्वेनला आले होते, बहिष्कारामुळे ज्यांच्या गिरण्या बंद पडल्या त्या कामगारांना भेटायला. तो फोटो तुम्ही बघितला असेल, गिरणीतल्या बायका हात वर करून ओरडतायत आणि मधे पंचा पांघरून म्हातारा लाजल्यासारखा हसतोय. त्यांनी त्या लोकांना सरळ सांगितलं की तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे वर्षातले सहा महिने तीस कोटी. आणि तरी त्या बायका ओरडतायत, त्याचं मला कायम नवल वाटत आलंय. राग काढायला माणूस समोर येऊन उभा राहिला हेच बहुतेक त्यांना पुरलं असावं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी ब्लॅकबर्न स्टेशनवर उतरलो. पाऊस होता. पाऊस म्हणजे आपला नाही, तो भुरभुर अंगाला चिकटणारा, छत्री उघडली तर वेड्यासारखं वाटतं आणि नाही उघडली तर अर्ध्या तासात बनियनपर्यंत पोचतो. बोल्टन रोडने चालत निघालो. रस्ता कडेला उखडलेला. ह्या गावच्या रस्त्यांवर चार हजार खड्डे आहेत असा सर्व्हे १९६७ मधे लंडनच्या पेपरात छापून आला होता, माणशी एकाचा सव्विसावा भाग, आणि तेवढ्यावरून हे गाव बीटल्सच्या एका गाण्यात जाऊन बसलं. चाहत्यांनी स्वतःचं मासिक काढलं त्याचं नावसुद्धा 'फोर थाउजंड होल्स'. बघा म्हणजे. आपल्याकडे एका पावसाळ्यात एका वॉर्डात एवढे होतात, कोणी गाणं केलं नाही.

वाटेत चिप्सच्या दुकानात शिरलो. समोरच्या बाईने 'चिकन बाल्टी पाय' पुढे केला, पाय म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री. शनिवार होता आणि आईला शब्द दिलेला असतो तो सातासमुद्रापार पण पाळायचा असतो, म्हणून म्हटलं चिकन नको. मागे रांगेत निळा-पांढरा स्कार्फ घातलेला एक जण होता तो म्हणाला, "शहाणा आहेस, आम्हाला पण नको झालंय." सगळं दुकान हसलं. मी पण हसलो, जरा उशिरा. शेवटी बटर पाय घेतला, तो ह्या भागातला खास प्रकार, आत बटाटा, कांदा आणि भरपूर बटर. चव साधारण आपल्या बटाट्याच्या भाजीसारखी, फक्त फोडणी द्यायची राहून गेलेली.

ईवुड पार्कमधे साधारण एकतीस हजार लोक मावतात. तिसऱ्या डिव्हिजनच्या मॅचला रिकाम्या खुर्च्याच जास्त. मी रिव्हरसाइड स्टँडचं तिकीट काढलं होतं, सगळ्यात जुना स्टँड, मागून डार्वेन नदी वाहते, पुढे लोखंडी खांब आहेत. समोर नवा कोरा दिसणारा जॅक वॉकर स्टँड. माझ्या शेजारी एक आजोबा. सत्तरीच्या पुढचे, टोपी, मांडीवर घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात थर्मास आणि मॅचचा प्रोग्रॅम. ते दोन खुर्च्यांच्या मधे बसल्यासारखे बसले होते कारण, हे नंतर कळलं, माझी खुर्ची त्यांच्या मोठ्या भावाची होती. सीझन तिकीट दोघांचं, भाऊ त्या आधीच्या वर्षी गेला.

हाफटाइमला त्यांनी विचारलं, कुठून आलास?

आता इथे मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, मुंबई. आयुष्यात पहिल्यांदा मी, पेठेत जन्मलेला माणूस, कोणी जबरदस्ती न करता स्वतःहून मुंबई म्हणालो. कॉफीचा कप हातात, ते मान हलवतायत, म्हणाले हो हो, ह्या गावात पण तुमच्याकडचे खूप आहेत, भरूच, सुरतचे, गिरण्यांमधे रात्रपाळीला आले होते साठच्या दशकात, चांगली माणसं. आणि मला इतकी लाज वाटली की सेकंड हाफ सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर मी मधेच म्हणालो, "खरं म्हणजे मी पुण्याचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मैदानाकडेच बघत होते. एक थ्रो-इन झाला, एक कॉर्नर झाला, कोणीतरी बॉल नदीच्या दिशेने उडवला. मला वाटलं उठून जातील, नाहीतर शिव्या देतील. आणि शिव्यांची माझी तयारी होती हो, मी मनात उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती, की दरवर्षीचा तोटा शेवटी तेच भरतायत ना, पैसे बंद केले तर काय होईल, वगैरे. (आणि तो मुद्दा खोटा नाही. पुढच्याच वर्षी इथून जवळ असलेला बरीचा क्लब, दोन एफए कप जिंकलेला, पैशांपायी लीगमधून हाकलला गेला. नंतर तर भारतातून पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी काढायची वेळ आली तरी पैसे जात राहिले. म्हणजे नुसते व्हिलन म्हणून सोडून देता येत नाही ह्या लोकांना, तीच तर पंचाईत आहे.)

पण आजोबांनी शिवी दिली नाही. म्हणाले, "तिकडे आमच्याबद्दल काय बोलतात?"

मला कळलं नाही. म्हटलं, कोण?

"लोक. तुमच्या गावात. रविवारी पेपरात येतं का, आम्ही हरलो की? दुकानात विषय निघतो का? मला आपलं नेहमी वाटतं, तिकडे कोणीतरी रिझल्ट बघून काहीतरी म्हणत असेल. चांगलं नाहीतर वाईट."

खोटं बोलायची दुसरी संधी होती. मी बोलू शकलो नाही. म्हटलं, नाही हो. कोणाला माहीतच नाही. माझ्या बिल्डिंगमधे विचारलं तर ब्लॅकबर्न म्हणजे बर्नॉलचा भाऊ म्हणतील.

(बर्नॉल त्यांना समजलं नाही, ते समजावण्यात दोन मिनिटं गेली आणि तेवढ्यात बहुतेक आमच्याच टीमने एक चान्स घालवला, कारण सगळा स्टँड एकदम हुश्श करून खाली बसला.)

त्यांचा चेहरा असा पडला की मला अजून आठवतो. सात वर्षं हा माणूस चिडत होता, निषेधाच्या मोर्चात चालला होता, भावाबरोबर एक सीझन मॅचला येणं पण बंद केलं होतं. आणि त्यांच्या मनात दुसऱ्या टोकाला एक पुणे होतं, दुष्ट म्हणा, कारस्थानी म्हणा, पण त्यांच्याकडे बघणारं. मी येऊन ते पुणंच काढून घेतलं. जॅक वॉकर कसा होता ते त्यांनी मग सांगितलं, की चुकलं तर त्याला गावात गाठून बोलता यायचं, तो पण चिडायचा, तो पण रडायचा, ९५ ला ॲनफिल्डवर रडला. "पैसे सगळेच घालतात," असं काहीसं म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही, थर्मासचं झाकण लावत बसले.

मला तेव्हा डार्वेनच्या त्या बायका आठवल्या. आणि बालेवाडीत उड्या मारणारा मी.

मॅच संपल्यावर उठताना त्यांनी तो प्रोग्रॅम पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. ओला होऊ नये म्हणून पिशवी पण दिली. म्हणाले, "त्यांचं ऑफिस माहीत आहे ना तुला? जाता येता देऊन टाक. सांग, शनिवारी तीनला असतो आम्ही." चिडून नव्हे, शेजारच्या घरी वाटी परत पाठवतात तसं.

त्या सीझनला टीम वर आली, एप्रिलमधे डॉनकास्टरला जिंकून प्रमोशन मिळवलं. मी तोवर परत आलो होतो, रात्री सव्वाबाराला बेडरूमचं दार लावून मोबाइलवर बघितली, आणि चार्ली मलग्र्यूने हेडर मारला तेव्हा तोंडावर उशी घेऊन ओरडलो. त्यानंतर दोनदा प्लेऑफच्या, म्हणजे प्रीमियर लीगमधे जायच्या शेवटच्या संधीच्या, उंबऱ्यावर जाऊन सातव्या नंबरवर अडकलेत, २०२३ ला तर नुसत्या गोल डिफरन्सवर. ॲडम व्हॉर्टन म्हणून गावातलाच एक पोरगा तयार झाला, अकॅडमीत लहानपणापासून वाढलेला, तो २०२४ मधे क्रिस्टल पॅलेसला विकला. पैशाची गरज असते, समजतं. आजोबांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते पण समजतं. आहेत की नाहीत कोणास ठाऊक, नंबर घ्यायचं सुचलंच नाही.

प्रोग्रॅम गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. आरसी बुक, पीयूसी, आणि त्याखाली तो, पिशवीसकट. एकदा खरंच गाडी बाजूला घेतली होती, शनिवारच होता. गेटवर वॉचमन खुर्चीत बसून डबा खात होता. काय सांगणार त्याला? कोणासाठी, कशाबद्दल, इनवर्डला शिक्का मारून घेऊ का? मी काच खाली केली, तो म्हणाला, "ऑफिस बंद आहे साहेब, सोमवारी या." मी घड्याळ बघितलं, रात्रीचे साडेआठ, म्हणजे तिकडे बरोबर तीन.